गृहअर्थशास्त्राच्या तीन लेकी



गेल्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. उत्तम आकिंचन्याचा दिवस होता. दिवस मावळायच्या आत जेवण उरकून ओटा पुसत होते, तेवढ्यात अमेरिकेतून लेकीचा फोन आला. आवाज चढलेला.

"आई, तूच समजाव तुझ्या नातीला. कॉम्प्युटरचं चांगलं चाललं होतं. आता म्हणते, ते सोडून फॅशन मर्चंडायझिंग करायचंय. जोडीला कन्झ्युमर अफेअर्स आणि इंटिरिअर डिझाइनचे पेपर. एवढी फी भरून कपडे विकायला शिकणार!"

तिने फोन नातीकडे दिला आणि मी विचार न करता बोलून गेले, "अगं, साड्या विकायला युनिव्हर्सिटी कशाला लागते? तुझे पणजोबा चौथी शिकलेले. सांगलीत पन्नास वर्षं कापडाचं दुकान चालवलं त्यांनी."

पोरगी क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "आज्जी, दुकानाचा हिशेब तर तूच लिहायचीस ना? पणजोबांना चौथीवर जमत होतं, तर तुझं बी.कॉम. कशाला लागलं?"

मला उत्तर देता आले नाही. "बरं, बघू" म्हणून फोन ठेवला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, त्याचे कारणही होते. आमच्या काळी दहावीनंतर माझी एक मैत्रीण होम सायन्सला गेली आणि मी कॉमर्सला. आम्ही कॉमर्सवाल्या मुली तिला हसायचो. "पोळ्या लाटायची डिग्री" म्हणायचो. आम्ही डोक्याचे शिकतोय आणि ती हाताचे, अशी आमची ऐट. पुढे ती एका मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ झाली. मी मात्र पदवी कपाटात ठेवून पोळ्या लाटल्या. त्यात वाईट काही नाही, पण हसण्याचा हक्क कुणाला होता, हे आता कळते.

म्हणून ठरवले की नातीला समजावण्याआधी हे विषय विद्यापीठात आले कुठून ते आपणच समजून घ्यावे. दोन-तीन महिने वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवते. सुरुवातीलाच सांगते, हे तिन्ही विषय एकाच आईच्या लेकी आहेत. त्या आईचे नाव होम इकॉनॉमिक्स, म्हणजे गृहअर्थशास्त्र.

पाणी तपासणारी बाई

अमेरिकेत १८४१ साली कॅथरिन बीचर नावाच्या शिक्षिकेने घर चालवण्याच्या शास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. पुढे १८६९ मध्ये तिने आपल्या बहिणीबरोबर दुसरे पुस्तक काढले. ही बहीण म्हणजे गुलामगिरीविरुद्धची कादंबरी लिहिणारी हॅरिएट बीचर स्टो. आगबोटीवरच्या छोट्याशा खोलीत आचारी शेकडो लोकांचा स्वयंपाक करतो, कारण सगळे हाताशी असते. मग घरातली बाई दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत का धावते, असा त्या पुस्तकाचा प्रश्न होता. पीठ कुठे, पाणी कुठे, ओटा कुठे याचे आराखडे त्यात दिले आहेत. आजच्या इंटिरिअर डिझाइनचे एक मूळ हे असे स्वयंपाकघरात आहे.

पण या विषयाला खरे विद्यापीठात नेले ते एलन स्वॅलो रिचर्ड्स यांनी. जन्म १८४२ चा. बॉस्टनजवळच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत, म्हणजे एमआयटीत, शिकलेली ही पहिली स्त्री. तिला तिथे 'विशेष विद्यार्थिनी' म्हणून घेतले आणि फी माफ केली. तिला वाटले, आपली परिस्थिती पाहून माफ केली. नंतर समजले की फी घेतली नसली म्हणजे कुणी तक्रार केल्यास 'ही आमची विद्यार्थिनी नाहीच' असे म्हणायची सोय होती! १८७३ मध्ये तिने रसायनशास्त्राची पदवी मिळवली. १८७६ मध्ये तिच्या प्रयत्नाने तिथेच स्त्रियांसाठी वेगळी प्रयोगशाळा सुरू झाली. १८८४ पासून १९११ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती तिथे आरोग्य-रसायनशास्त्र शिकवत होती.

तिने काय काय तपासले पाहा. किराणा मालातली भेसळ तपासली. भिंतीला लावायच्या रंगीत कागदांत आणि कापडांत आर्सेनिक, म्हणजे सोमल हे विष, किती आहे ते तपासले. त्या काळी हिरव्या रंगात ते सर्रास असायचे. आणि १८८७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नद्या, तलाव, विहिरी यांच्या पाण्याचे हजारो नमुने तपासले. समुद्राजवळच्या पाण्यात क्लोराइड म्हणजे मिठाचा अंश मुळातच जास्त असतो आणि आत जावे तसा तो कमी होतो. तिने राज्याचा नकाशा काढून कुठे किती अंश स्वाभाविक आहे त्याच्या रेषा आखल्या. त्याहून जास्त आढळला की समजायचे, इथे माणसांचे सांडपाणी मिसळते आहे.

मैत्रिणींनो, हे वाचताना मला माझी आजेसासू आठवली. पाणी गाळल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, गाळणे दुहेरी हवे, गाळल्यावर जिवाणी विहिरीत परत सोडायची. तिचा हेतू वेगळा होता, पाण्यातल्या जिवांची हिंसा टाळण्याचा, आणि तिच्या हातात सूक्ष्मदर्शक नव्हता. पण डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात न दिसणारे काही असते, आणि ते पाहण्याची जबाबदारी घरात पाणी भरणाऱ्या बाईची आहे, हे दोघींनाही ठाऊक होते.

१८९३ साली शिकागोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. त्यानिमित्त झालेल्या सर्वधर्म परिषदेत आपले वीरचंद राघवजी गांधी जैन धर्मावर बोलले, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच प्रदर्शनात एलन रिचर्ड्स यांनी एक आदर्श स्वयंपाकघर मांडले होते. ३० सेंटला जेवण मिळे आणि त्यात प्रथिने किती, स्निग्ध पदार्थ किती, उष्मांक किती हे लिहिलेले असे. तिथले पदार्थ आपल्याला चालणारे नव्हते, पण आज पाकिटावर आपण जो तक्ता वाचतो तो तेव्हा लोकांना नवा होता.

नाव ठरवण्यासाठी दहा बैठका

सप्टेंबर १८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड या डोंगराळ गावी दहा-अकरा जण जमले. शाळा-कॉलेजात विखुरलेल्या या विषयाला एक नाव आणि एक शिस्त द्यायची होती. यजमान होते मेलव्हिल ड्युई आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅनी. हे ड्युई म्हणजे वाचनालयातल्या पुस्तकांना आकडे देण्याची पद्धत शोधणारे. आपल्या नगर वाचनालयात आजही घरकामाची पुस्तके ६४० वर, पाककृती ६४१ वर, शिवणकाम ६४६ वर आणि घरसजावट ७४७ वर सापडते, ती त्यांची कृपा.

तिथे 'होम इकॉनॉमिक्स' हे नाव मान्य झाले आणि हा विषय अर्थशास्त्राचा भाग मानावा असे ठरले. कॉमर्सवाली म्हणून मला हा मुद्दा फार मोलाचा वाटला. बाईने घरात काय करावे हे सांगणारा तो संस्कारवर्ग नव्हता. पैसा, वेळ, वस्तू आणि श्रम घराच्या पातळीवर कसे वापरले जातात याचा अभ्यास, अशी त्यांची कल्पना होती. दरवर्षी एक याप्रमाणे १९०८ पर्यंत अशा दहा परिषदा झाल्या. शेवटी राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि एलन रिचर्ड्स तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

एक गोष्ट लपवत नाही. ड्युईंच्या त्या क्लबात ज्यू लोकांना प्रवेश नव्हता. सगळ्यांच्या घराचे शास्त्र मांडायला बसलेल्या माणसांचे दार सगळ्यांना उघडे नव्हते.

पुढे १९१४ आणि १९१७ च्या कायद्यांनी सरकारी पैसा आला. कृषी विद्यापीठांतून शेतकरी बायकांपर्यंत पत्रके, वर्ग, प्रात्यक्षिके पोहोचू लागली. कॉर्नेल विद्यापीठात मार्था व्हॅन रेन्सेलर यांनी शेतकरी स्त्रियांसाठी टपालाने अभ्यासक्रम सुरू केला. त्यातले पहिलेच पत्रक घरकामातली पावले कशी वाचवावी यावर होते. १९११ मध्ये त्या आणि त्यांच्या सहकारी फ्लोरा रोज या कॉर्नेलच्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक झाल्या. रसायनशास्त्रात, अर्थशास्त्रात शिकलेल्या किती तरी बायकांना त्यांच्या मूळ विभागात कुणी नोकरी देत नसे. त्या सगळ्या या दाराने आत आल्या. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने का होईना, बायका प्रयोगशाळेत पोहोचल्या.

थोरली : कापड

कापडाचा अभ्यास आधी शिवणापुरता होता. पण तयार कपडे बाजारात आले आणि प्रश्न बदलले. हे लोकरीचे म्हणतात, त्यात लोकर किती? धुतल्यावर आटेल का? रंग जाईल का? आमच्या दुकानात सासरे धागा ओढून काडीने पेटवायचे. कागद जळाल्यासारखा वास आला तर सूत, केस जळाल्यासारखा आला तर रेशीम किंवा लोकर, आणि वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. होम इकॉनॉमिक्सच्या प्रयोगशाळांनी हेच काम मापे आणि उपकरणे घेऊन केले, आणि कपड्यावर खरे लिहा अशी मागणी लावून धरली. अमेरिकेत १९४० मध्ये लोकरीच्या मालावर आणि १९५८ मध्ये सगळ्या कापडांवर धाग्याचे नाव व प्रमाण लिहिण्याचा कायदा झाला. आपण चिठ्ठी उलटून 'रेशीम आहे का' ते पाहतो ना, त्या सवयीमागे हा इतिहास आहे.

मापांची कथा आणखी मजेची. तिथल्या कृषी खात्यात १९२३ पासून गृहअर्थशास्त्राचा स्वतंत्र विभाग होता आणि प्रमुख होत्या लुईझ स्टॅनली. या विभागाने १९३९-४० च्या सुमारास सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेतली, प्रत्येकीची ५९. तोवर बारा नंबरचा झगा म्हणजे नेमका केवढा हे प्रत्येक कारखान्याचे वेगळे असे. पण अहवालात मोजल्या गेल्या त्या फक्त गोऱ्या बायका. त्या आकड्यांवरून १९५८ मध्ये ठरवलेली प्रमाणित मापे १९८३ मध्ये मागे घेतली गेली. आज कपडा मागवला की बसत नाही आणि परत पाठवावा लागतो, तेव्हा लक्षात ठेवा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि आमच्या नातीसारख्या मुली त्यावरच काम करतात.

आणि मर्चंडायझिंग म्हणजे नुसते विकणे नव्हे, हे मला आता समजले. बॉस्टनला १९०५ साली ल्युसिंडा प्रिन्स यांनी दुकानातल्या मुलींसाठी विक्रीची शाळा काढली, कारण त्या मुलींना ना कापडाची माहिती होती ना चांगला पगार. तिथून वाढत वाढत तो विद्यापीठाचा विषय झाला. नातीने मला त्यातले एक गणित दाखवले. समजा लगीनसराईच्या महिन्यात ५ लाखांची विक्री होईल असा अंदाज आहे. २५ हजारांची सूट द्यावी लागेल. महिनाअखेर १० लाखांचा माल दुकानात हवा. आज ९ लाखांचा आहे आणि ४ लाखांचा मागवून झाला आहे. तर आणखी किती खरेदी करायची? ५ अधिक पाव अधिक १०, त्यातून ९ आणि ४ वजा. उरले सव्वादोन लाख. एवढीच खरेदी, त्यावर एक रुपया नाही.

हे गणित पाहून मी बराच वेळ गप्प होते. एका वर्षी सुरतेहून आलेल्या नव्या फॅशनच्या साड्या आमच्याकडे भरमसाट घेतल्या गेल्या. पुढच्या हंगामात कुणी विचारीना. माळ्यावर गठ्ठे पडून राहिले, व्याज चढत राहिले. खतावणी मी लिहीत होते, मला आकडे दिसत होते. पण 'बायकांनी खरेदीत बोलू नये' म्हणून गप्प राहिले. बोलायला माझ्याकडे शब्दही नव्हते, हे तितकेच खरे.

मधली : ग्राहक

१९२३ साली हेझल कर्क या अर्थशास्त्रज्ञ बाईने उपभोगाच्या सिद्धांतावर पुस्तक लिहिले. तोवरचे अर्थशास्त्र गिऱ्हाईक म्हणजे किंमत पाहून निवड करणारे यंत्र समजत असे. माणूस वस्तू का घेतो, सवय, शेजार, प्रतिष्ठा, जाहिरात यांचा त्यात किती वाटा, हे कर्क यांनी मांडले. नंतर त्या शिकागो विद्यापीठात शिकवू लागल्या. कन्झ्युमर अफेअर्स या विषयाचा पाया अशा बायकांनी घातला.

पण त्याच सुमारास दुसरीही वाट निघाली. क्रिस्टीन फ्रेडरिक ही बाई १९१२ पासून मासिकांतून गृहिणींना लिहीत होती की पावले मोजा, भांडी घासायची जागा उंच करा, पाठ वाचवा. बायकांचे श्रम वाचावेत म्हणून खपलेली. त्याच बाईने १९२९ मध्ये एक पुस्तक काढले, ते मात्र जाहिरातदार आणि कारखानदारांसाठी. त्याच्या नावातच 'श्रीमती ग्राहक' यांना माल कसा विकावा हे आहे. वस्तू चांगली असतानाच जुनी झाली असे वाटायला लावणे, म्हणजे ती टाकून नवी घेतली जाईल, हे तिने प्रगतीचे लक्षण म्हणून सांगितले.

कंपन्यांनीही गृहअर्थशास्त्र शिकलेल्या बायका नोकरीला ठेवल्या. बेटी क्रॉकर हे नाव एका पीठ कंपनीने १९२१ मध्ये गृहिणींच्या पत्रांना उत्तर देण्यासाठी तयार केले. अशी बाई नव्हतीच! तरी १९४५ मध्ये एका नामांकित मासिकाने अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध स्त्रियांत तिला दुसरी जागा दिली. पत्रांची उत्तरे मात्र शिकलेल्या खऱ्या बायका लिहीत होत्या.

इथे मी थबकले. आपण परिग्रह-परिमाण व्रत घेतो. किती साड्या, किती भांडी, याची मर्यादा घालतो. आणि नात शिकणार आहे तो विषय उद्या 'आणखी एक घ्या' म्हणायला शिकवणार असेल तर? लेकीची काळजी फीची होती. माझी खरी काळजी ही होती.

धाकटी : घर

स्वयंपाकघराची मांडणी पुढे लिलियन गिलब्रेथ या मानसशास्त्राच्या डॉक्टरेट झालेल्या, इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक झालेल्या, बारा मुलांच्या आईने हातात घेतली. कारखान्यातल्या कामगाराच्या हालचाली मोजतात तशा तिने घरातल्या बाईच्या मोजल्या. पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा आणि फ्रीजच्या दारातले कप्पे यांचे श्रेय तिला दिले जाते. हृदयविकार असलेल्या बायकांना कमी श्रमात काम करता यावे म्हणूनही तिने स्वयंपाकघराचा विचार केला. माझी कंबर गेली ती आमच्या जुन्या वाड्यातल्या खाली बसून करायच्या चुलीने आणि नंतर गवंड्याने त्याच्या अंदाजाने बांधलेल्या ओट्याने. ओट्याची उंची त्यावर काम करणारीला विचारून ठरवावी, एवढे कळायला शंभर वर्षे लागली आणि आमच्या घरात तर त्याहून जास्त.

आपल्याकडे

हा विषय आपल्याकडे आला त्यात एका मराठी राजाचा वाटा आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात अ‍ॅन गिलख्रिस्ट स्ट्राँग या अमेरिकन बाई मुलींना गृहशास्त्र शिकवण्याची व्यवस्था लावत होत्या. त्याच काळात, १९१६ मध्ये, महर्षी कर्व्यांनी जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून आपले महिला विद्यापीठ काढले. दिल्लीत १९३२ मध्ये लेडी आयर्विन कॉलेज निघाले. १९५० मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा आली, तेव्हा कुलगुरू होत्या हंसा मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द होते, तिथे 'सर्व मानव' करायला लावणाऱ्या त्या याच. आपल्या समाजातही मुंबईत मगनबाईंनी आणि सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविकाश्रमाचे काम उभे केले ते बाई आपल्या पायावर उभी राहावी म्हणून. त्यांची नावे मी या रांगेतच धरते.

आणि ग्राहकाचे म्हणाल तर आपल्याकडे तो विषय विद्यापीठाआधी रस्त्यावर आला. १९६६ मध्ये मुंबईतल्या काही स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शनाची संस्था काढली. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन निघाल्या. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीचे संघ एकत्र किराणा आणून वाटू लागले. माझी नणंद दादरला असताना त्यात होती. ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये. पाकिटावरची हिरवी खूण तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. ती खूण शोधणारा आपला डोळा ही कन्झ्युमर अफेअर्सची पहिली इयत्ताच म्हणा.

घराचे नाव का पुसले?

सत्तरच्या दशकाच्या आसपास अमेरिकेत या विषयावर दोन्हीकडून मारा झाला. विद्यापीठे म्हणू लागली, हे काय शास्त्र? स्त्रीमुक्तीवाल्या म्हणू लागल्या, हे बाईला घरात डांबण्याचे शिक्षण. दोन्हीत थोडे तथ्य होते. पण परिणाम असा झाला की नावातून 'घर' काढायची घाई झाली. कॉर्नेलने १९६९ मध्ये आपल्या कॉलेजचे नाव मानवी परिसरविज्ञान अशा अर्थाचे केले. राष्ट्रीय संघटनेने १९९४ मध्ये 'कुटुंब आणि ग्राहक शास्त्रे' असे नाव घेतले. आहार वेगळा झाला, बालविकास वेगळा झाला. कापडाचे मर्चंडायझिंग झाले, गृहव्यवस्थेचे इंटिरिअर डिझाइन आणि कन्झ्युमर अफेअर्स. लेकी आपापल्या घरी गेल्या आणि आईचे नाव सांगायला लाजू लागल्या.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत भिडली ती मार्गारेट रीड, हेझल कर्क यांची विद्यार्थिनी. १९३४ मध्ये तिने घरातल्या उत्पादनाचे अर्थशास्त्र लिहिले. घरातले कोणते काम 'उत्पादन' मानायचे, याची तिने एक सोपी कसोटी दिली. ते काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येईल का? येत असेल तर ते उत्पादन आहे, मग ते करणाऱ्याला पैसे मिळोत वा न मिळोत. जेवण दुसरे कुणी रांधू शकते, म्हणून रांधणे उत्पादन. जेवणे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

चाळीस वर्षे मी रात्री मुले झोपल्यावर दुकानाची कीर्द आणि खतावणी लिहिली. मुनीम ठेवला असता तर पगार द्यावा लागला असता. जनगणनेचा माणूस यायचा, विचारायचा, "बाई काय करतात?" घरातून उत्तर जायचे, "काही नाही, घरीच असते." मी स्वतःही तेच सांगायचे. ते वाचून मी उठले, माळ्यावरच्या जुन्या वह्या खाली काढल्या आणि पुसून ठेवल्या.

नातीला काय सांगितले

दिवाळीला मी स्वतः फोन केला. आधी तिची माफी मागितली. मग म्हटले, "बाळा, शीक. पण एक प्रश्न सतत स्वतःला विचार. तू गल्ल्याच्या कोणत्या बाजूला उभी आहेस? बायकांची पाठ वाचावी म्हणून लिहिणारी क्रिस्टीन बाई पुढे त्यांना वस्तू टाकायला कशी शिकवू लागली, ते वाच. मग हेझल कर्क वाच. जेवढे खपेल तेवढेच मागवणे, खोटे लेबल न लावणे, टिकेल असे विकणे, याला आपल्यात अचौर्य म्हणतात. ते सांभाळून फॅशन शिकता आली तर मला आनंद आहे."

ती म्हणाली, "आज्जी, मी म्हणूनच कन्झ्युमर अफेअर्स घेतलंय ना. दोन्ही बाजू बघायच्यात."

लेकीचे समाधान पुरते झालेले नाही. नोकरी लागेपर्यंत होणारही नाही. आई आहे ती. नातीने मात्र माझ्याकडे एक गोष्ट मागितली आहे. जुन्या खतावण्यांची पाने फोटो काढून पाठव म्हणाली, तिला प्रोजेक्टसाठी हवी आहेत. रोज दहा-दहा पाने पाठवते आहे. त्या पडून राहिलेल्या साड्यांचे पानसुद्धा पाठवले.

आणि त्या मैत्रिणीला फोन केला, होम सायन्सवाल्या. "तुला हसायचो गं आम्ही," म्हटले. ती म्हणाली, "ऐकू यायचं मला." मग दोघी बराच वेळ बोललो.

तुमच्यापैकी कुणी होम सायन्स शिकलेल्या असाल, किंवा दुकानाच्या वह्या लिहिल्या असतील, तर मला जरूर सांगा.

जय जिनेंद्र.